ब्रिटनमधल्या मराठी आयातदार मंडळींना खुलं पत्र: गेटवर माल सुटला म्हणजे एंट्री संपली असं नाही

सप्रेम नमस्कार मंडळी,

साउथॉल, वेम्बली, हाउन्स्लो, स्लाउ, लेस्टर, बर्मिंगहॅम, जिथे कुठे तुम्ही भारतातून माल आणून विकताय, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. मसाले, आंबा, पल्प, पितळेची भांडी, गणपतीच्या मूर्ती, पैठण्या, कुरडया-पापड, जे काही असेल ते. मी हीथ्रोच्या जवळ एका कस्टम्स क्लिअरन्सच्या ऑफिसात काम करतो, दिवसभर एंट्र्या, म्हणजे कस्टम्सची डिक्लरेशनं, मारणं हेच माझं काम, आणि गेली काही वर्षं एकच गोष्ट परत परत बघतोय म्हणून आज न राहवून लिहितोय. विषय आहे सिम्प्लिफाइड डिक्लरेशनवरचे प्रोसिजर कोड, म्हणजे या मालाचं काय होणार आहे हे कस्टम्सला सांगणारे आकडे. नाव ऐकूनच बरेच जण पुढे वाचणार नाहीत हे मला माहितीये पण प्लीज वाचा, कारण हा कोड तुमच्या नावावर, तुमच्या ईओआरआय नंबरवर (कस्टम्सकडे तुमची ओळख असलेला नंबर) जातो आणि चुकला तर पत्र तुमच्या घरी येतं, माझ्या नाही.

माझ्याकडे एक काका येतात, पंचवीसेक वर्षं झाली त्यांना या धंद्यात. त्यांना मी कोडबद्दल काही विचारलं की म्हणतात, "अरे बाळा ते तुझं काम, मला फक्त सांग माल कधी सुटणार." मी त्यांना दोष देत नाही, माल अडकला की शेडचं भाडं चढतं, गिऱ्हाइकाचे फोन येतात, मग माणूस एवढंच विचारणार. पण खरं सांगायचं तर कोड ठरवायला लागणारी माहिती माझ्याकडे नसतेच. ती काकांकडे असते. माल विकायला आलाय का, ठेवायला आलाय, परत जाणार आहे, की आधी इथूनच गेलेला माल परत आलाय, हे मला इन्व्हॉइसवरून कळत नाही. इन्व्हॉइसवर फक्त मालाचं नाव, वजन आणि किंमत असते.

आता हे सिम्प्लिफाइड प्रकरण काय आहे ते आधी थोडक्यात सांगतो. साधी पद्धत म्हणजे फुल डिक्लरेशन, सगळी माहिती एकदाच द्यायची, ड्युटी-व्हॅटचा हिशोब तिथेच, माल बाहेर. दुसरी पद्धत दोन टप्प्यांची. सरहद्दीवर छोटं डिक्लरेशन टाकायचं, त्याला आम्ही एसएफडी म्हणतो, माल सुटतो, आणि मग ठरलेल्या मुदतीत सप्लिमेंटरी डिक्लरेशन टाकून बाकीची सगळी माहिती भरायची. किंवा ज्याच्याकडे तशी परवानगी आहे तो माल आल्याची नोंद आधी स्वतःच्याच रेकॉर्डला घेतो, त्याला ईआयडीआर म्हणतात, आणि सप्लिमेंटरी नंतर टाकतो. दोन्हीसाठी एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या कर आणि कस्टम्स खात्याचं, अधिकारपत्र लागतं, तुमचं नाहीतर तुमच्या एजंटचं. सिस्टीममध्ये हे एका अक्षरावरून कळतं, एसएफडी माल पोचल्यावर टाकली तर 'सी', पोचायच्या आधी टाकली तर 'एफ', तिची सप्लिमेंटरी 'वाय', आणि ईआयडीआरची सप्लिमेंटरी 'झेड'.

पद्धत चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. एप्रिल-मे मध्ये हापूस विमानाने येतो तेव्हा एक एक तास महत्त्वाचा असतो, पेटी उघडली की वरचा थर पिकलेला आणि खालचा अजून हिरवा अशी अवस्था असते, त्या वेळेला सगळी कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत थांबायचं तर आंबा शेडमध्येच जाईल. अशा वेळी एसएफडी हा देवासारखा उपाय आहे. पण इथेच पहिली गफलत होते. आंब्यावर इथे ड्युटी शून्य, खाण्याची वस्तू म्हणून व्हॅटही शून्य दराने, मग लोक म्हणतात भरायचं काहीच नाही तर सप्लिमेंटरी कशाला? नाही हो, टाकावीच लागते. एसएफडी ही अर्धी एंट्री आहे, दुसरा अर्धा भाग आला नाही तर एचएमआरसीच्या लेखी तुमचा माल अर्धवट लटकलेला राहतो, आणि अशा लटकलेल्या एंट्र्या साठल्या की ज्या अधिकारपत्रावर सगळं चाललंय तेच धोक्यात येतं. तुमचं असो वा एजंटचं.

आता कोड. २०२२ च्या सप्टेंबरअखेर आयातीसाठी डिक्लरेशन टाकायची जुनी चीफ सिस्टीम बंद झाली आणि सगळं नव्या सीडीएस सिस्टीमवर आलं. चीफमध्ये सात आकडी एकच कोड असायचा, पाठ होता सगळ्यांना, ४०००००० टाका आणि मोकळे व्हा. सीडीएसने त्याचे दोन तुकडे केले. एक चार आकडी प्रोसिजर कोड, तो जातो १/१० या रकान्यात. आणि दुसरा तीन अक्षरी अॅडिशनल कोड, तो १/११ मध्ये, आणि तो एकापेक्षा जास्त वेळा देता येतो. चार आकडी कोडातले पहिले दोन आकडे सांगतात की आता या मालाचं काय करायचंय, आणि नंतरचे दोन सांगतात की याआधी हा माल कोणत्या प्रोसिजरमध्ये होता. ४० म्हणजे बाजारात खुला करायचाय. ७१ म्हणजे कस्टम्स वेअरहाउस, जिथे माल बाहेर काढेपर्यंत ड्युटी-व्हॅट थांबलेला असतो. ५१ प्रक्रियेसाठी, ५३ तात्पुरता, ६१ म्हणजे परत आलेला माल, ४४ ठराविक वापरासाठी कमी ड्युटीत. शेवटी ०० म्हणजे याआधी काही नाही, सरळ बाहेरून आला.

एवढं समजलं की अर्धं काम झालं, खरंच. ४००० म्हणजे बाहेरून आला, बाजारात जातोय. ७१०० म्हणजे बाहेरून आला, वेअरहाउसला जातोय. ४०७१ म्हणजे वेअरहाउसमध्ये होता, आता बाजारात जातोय. चार आकड्यांत मालाची आख्खी गोष्ट आहे, आधी कुठे होता आणि आता कुठे निघालाय. म्हणूनच मागच्या महिन्याच्या एंट्रीवरून कॉपी मारली की घात होतो, कारण त्या महिन्यातल्या मालाची गोष्ट वेगळी होती.

इथे मला माझी स्वतःची चूक सांगायची आहे, कारण दुसऱ्यांच्या चुका सांगणं सोपं असतं. सीडीएस आल्यानंतरच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका आयातदाराचा कोकणातून आंब्याच्या पल्पचा कंटेनर फेलिक्सस्टोला आला, ८५० ग्रॅमचे डबे, त्यांनी तो वेअरहाउसला टाकला कारण पल्प वर्षभर थोडा थोडा जातो आणि सगळ्याचे पैसे आधीच कशाला अडकवायचे. ७१०० बरोबर गेला. नंतर जशी ऑर्डर येईल तसे कार्टन बाहेर काढायचे, नोंद रेकॉर्डला घ्यायची आणि सप्लिमेंटरी टाकायची, 'झेड' प्रकारची. एका महिन्यात मी सप्लिमेंटरी बनवताना त्याच आयातदाराचं जुनं टेम्प्लेट उघडलं, ते होतं थेट आलेल्या मसाल्याचं. १/१० मध्ये ४०००, १/११ मध्ये ०००, म्हणजे वेगळं काही नाही. मी वजन बदललं, किंमत बदलली, मालाचा कोड बदलला आणि पाठवून दिलं. ४०७१ करायचं राहून गेलं. सिस्टीमने घेतलं. का नाही घेणार, ४००० म्हणजे सगळ्यात साधी एंट्री, ती वेअरहाउसचा नंबर मागतच नाही, ४०७१ ने मागितला असता आणि मी तिथेच जागा झालो असतो.

ड्युटी भरली गेली, पूर्ण. एक पेनी कमी नाही. पण वेअरहाउसच्या रजिस्टरला ते कार्टन अजून आतच. तपासणीला माणूस आला, त्याने रजिस्टर बघितलं, मग रॅकवर जाऊन मोजलं, आणि विचारलं की हे कार्टन गेले कुठे. आमच्याकडे उत्तर होतं, पण कागदावर नव्हतं. कागदावर असं दिसत होतं की वेअरहाउसमधले कार्टन गायब आहेत, आणि दुसरीकडे तेवढेच कार्टन कुठूनतरी थेट बाहेरून आलेत ज्यांची सरहद्दीवर काहीच नोंद नाही. गायब झालेल्या मालावर ड्युटी परत मागितली जाते, तो नियमच आहे. ते सगळं जुळवून दाखवायला डिलिव्हरी नोटा, बॅच नंबर, दुकानांची बिलं, असं करत करत काही महिने गेले. आयातदार माणूस शांत होता, ओरडला नाही माझ्यावर, पण त्याच्या बायकोने फोनवर विचारलं की भाऊ आमचं काही चुकलंय का, तेव्हा मला जे वाटलं ते अजून लक्षात आहे. त्यांचं काही चुकलं नव्हतं. चार आकड्यातले शेवटचे दोन मी चुकवले होते.

तेव्हापासून मी टेम्प्लेटमध्ये १/१० आणि १/११ रिकामे ठेवतो. दर वेळेला हाताने भरायचे. ऑफिसात काही जणांना हे वेळखाऊ वाटतं, वाटू दे.

दुसरी गोष्ट एका ताईंची, पैठणी आणि सिल्कच्या साड्या आणतात. दिवाळीच्या आधी अॅमस्टरडॅमला मराठी लोकांचं प्रदर्शन होतं, तिथे साड्या घेऊन गेल्या, साठेक गेल्या असतील त्यातल्या निम्म्या विकल्या, उरलेल्या परत आणल्या. येताना एजंटने नेहमीप्रमाणे एसएफडी टाकली, ४०००. मग सप्लिमेंटरीही ४०००, ड्युटी आणि वीस टक्के व्हॅट परत एकदा. ज्या साड्यांवर भारतातून येताना आधीच सगळं भरलं होतं त्याच साड्यांवर. ताईंना वाटलं युरोपातून आल्यात म्हणजे युरोपच्या कराराने ड्युटी लागायला नको. ते तसं नसतं, करार मालाच्या मुळावर चालतो, साडी येवल्याची असेल तर ती अॅमस्टरडॅमहून आली म्हणून डच होत नाही.

पण त्यांच्यासाठी वेगळा रस्ता होता, परत आलेल्या मालाची सवलत. माल होता तसाच परत आला, साधारण तीन वर्षांच्या आत आला, आणि गेला होता याचा पुरावा आहे, तर ६१ ने सुरू होणारा कोड आणि सोबत अॅडिशनल कोड एफ०१. आता इथे शेवटचे दोन आकडे कसे ठरवायचे? जाताना काय कोड टाकला होता ते बघायचं. ताईंचा माल विकायला म्हणून गेला होता, निर्यातीचा कोड १०४०, म्हणून परत येताना ६११०. तोच माल जर तात्पुरता म्हणून २३ च्या कोडाने गेला असता तर येताना ६१२३. म्हणजे आयातीचा कोड ठरवायला निर्यातीची एंट्री हातात पाहिजे, आणि ती कोणाकडे असते? ताईंकडे, त्यांच्या मेलमध्ये, पीडीएफ, तीन महिन्यांपूर्वीची. एजंटने मागितली नाही आणि ताईंनी दिली नाही. शिवाय व्हॅटची सवलत हवी असेल तर ज्याने पाठवला त्यानेच परत आणलेला असावा लागतो, म्हणजे जाताना नवऱ्याच्या कंपनीच्या नावाने आणि येताना स्वतःच्या नावाने असा घोळ केला तर ड्युटी वाचेल पण व्हॅटची सवलत जाईल. ताईंनी नंतर सी२८५ चा अर्ज करून परतावा मागितला, त्यासाठी तीन वर्षांची मुदत असते, पण हातातला पैसा दिवाळीच्या ऐन सीझनला अडकला तो अडकलाच.

एक अजून, पटकन. एका मंडळाने गणेशोत्सवाला पुण्याहून ढोल-ताशा पथक बोलावलं, वाद्यं आधी पाठवली. ती परत जाणार होती, म्हणजे तात्पुरती, म्हणजे ५३००, आणि धंद्याचं सामान म्हणून डी१२. इथपर्यंत बरोबर. पण मंडळाकडे तात्पुरत्या आयातीचं वेगळं अधिकारपत्र नव्हतं, ते डिक्लरेशनमधूनच मागायचं असतं, आणि ही डिक्लरेशनमधून परवानगी मागण्याची सोय सिम्प्लिफाइड एंट्रीवर मिळत नाही. फुल डिक्लरेशनच करावं लागतं. एजंट नेहमी एसएफडीच करतो म्हणून त्याने एसएफडी टाकायला घेतली आणि कोड बसेना, तेव्हा 'बसतोय तो टाकू' म्हणून ४००० टाकायला निघाला होता. मंडळी, ढोल इथे विकायला आलेले नाहीत! वेळेत कोणीतरी विचारलं म्हणून वाचलं. पुढच्या वेळेला पथकाने भारतातूनच एटीए कार्ने, म्हणजे सामान तात्पुरतं नेण्या-आणण्याचा आंतरराष्ट्रीय कागद, काढून आणावं, फिक्की या उद्योगांच्या संघटनेकडून मिळतं, मग हा प्रश्नच येत नाही.

हा 'बसतोय तो टाकू' प्रकार सगळ्यात घातक आहे. सीडीएस एंट्री रिजेक्ट करतं, एरर येतो, ट्रक ड्रायव्हर खाली उभा असतो, आणि मग माणूस असा कोड शोधतो जो सिस्टीम घेईल. सिस्टीम काय बघते? हा कोड त्या कोडाबरोबर चालतो का, लागणारं कागदपत्र दिलंय का, एवढंच. तुमचा माल खरंच परत आलेला आहे का, वेअरहाउसमधून निघालाय का, हे तिला कुठून कळणार. म्हणून एंट्री स्वीकारली गेली म्हणजे कोड बरोबर होता असं कृपा करून समजू नका. एचएमआरसीच्या टॅरिफच्या, म्हणजे दर आणि कोडांच्या नियमावलीच्या, तिसऱ्या भागात प्रत्येक चार आकडी कोडाखाली लिहिलेलं आहे की हा कधी वापरायचा, कधी वापरायचा नाही, सोबत काय लागतं, आणि सिम्प्लिफाइड पद्धतीने चालतो की नाही. मी तरी शंका आली की तेच पान उघडतो.

आता सिम्प्लिफाइडमध्ये हे जास्त का चुकतं ते सांगतो, कारण फुल एंट्रीतही कोड तेच असतात. फुल एंट्री एक माणूस एका बैठकीत करतो, सगळे कागद समोर असतात. इथे एसएफडी रात्रपाळीचा मुलगा टाकतो, पंधरा मिनिटांत, अर्ध्या कागदांवर. सप्लिमेंटरी दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मुलगी टाकते, तिला माल दिसलेला नाही, ट्रक दिसलेला नाही, रात्रीच्या मुलाशी तिची ओळख पण नाही. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे आधीच्या एंट्रीचा नंबर, जो सप्लिमेंटरीवर मागचं कागदपत्र म्हणून द्यायचा असतो, आणि प्रोसिजर कोड. एसएफडीवर जी प्रोसिजर सांगितली तीच सप्लिमेंटरीवर पुढे चालवायची असते. नंतर कोणाला तरी उमगलं की हा माल खरं तर वेअरहाउसला जायचा होता, तर सप्लिमेंटरीवर ४० चं ७१ करून गोष्ट बदलता येत नाही. ज्या क्षणी ४० ची एसएफडी स्वीकारली गेली त्या क्षणी माल कायद्याने बाजारात आला, ड्युटीची तारीख तीच, त्या तारखेचा दर आणि त्या महिन्याचा एचएमआरसीने जाहीर केलेला चलनाचा भाव हेच धरायचं. सप्लिमेंटरी ज्या दिवशी बसून टाइप केली त्या दिवसाचा नाही. हेही बऱ्याच ठिकाणी चुकतं.

म्हणजे एसएफडीवरचा कोड हा 'सध्या असू दे, मग बघू' असा नसतो. किंमत नंतर नक्की करता येते, वजन नंतर नक्की करता येतं, आंब्याच्या पेट्यांचं तर होतंच तसं. प्रोसिजर तशी नसते. रात्रीच्या त्या पंधरा मिनिटांत जो ठरतो तोच पुढे जातो. आणि म्हणून ती माहिती त्या मुलाकडे माल यायच्या आधी पोचलेली असली पाहिजे.

अजून एक गोंधळ. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार कराराच्या सह्या झाल्या तेव्हापासून मला फोन येतात, "आता कोड कोणता टाकायचा?" करारामुळे प्रोसिजर कोड बदलत नाही. बाजारात विकायला आलेला माल ४० च राहतो. सवलतीचा दर मागायचा तो वेगळ्या रकान्यात, ४/१७ मध्ये, आणि त्यासाठी माल मूळ कुठल्या देशाचा याचा पुरावा लागतो. विकसनशील देशांची जी सवलत १९ जून २०२३ ला इथे सुरू झाली, ज्यात भारतही धरला होता, तीही तिथेच मागायची. हे दोन रकाने वेगळे आहेत, एक सांगतो माल काय करतोय, दुसरा सांगतो दर कोणता लावायचा. तसंच पोस्टपोन्ड व्हॅटचं (सरहद्दीवर न भरता व्हॅट रिटर्नमध्ये दाखवायचा व्हॅट), तो तुमच्या व्हॅट नंबरने वेगळा जातो. ७१०० ला मात्र व्हॅट थांबलेलाच असतो, तिथे पोस्टपोन्ड व्हॅटचा हिशोब मनात धरून बसू नका, तो माल बाहेर निघताना येतो.

आणि फराळ. दिवाळीच्या आधी दरवर्षी. सी०८ हा अॅडिशनल कोड एका खाजगी माणसाने दुसऱ्या खाजगी माणसाला पाठवलेल्या भेटीसाठी आहे, व्हॅटच्या सूटीची मर्यादा ३९ पौंड. आईने पुण्याहून लेकीला चकल्या पाठवल्या तर ठीक. पण तीस घरांच्या ऑर्डर घेऊन, पैसे घेऊन, तीस डबे मागवून प्रत्येकावर 'गिफ्ट' लिहिणं हे ठीक नाही, तो व्यापार आहे आणि त्याचा कोड व्यापाराचा असतो. घरून धंदा करणाऱ्या बायकांना हे कोणी नीट सांगत नाही आणि कुरिअरवाला काय लिहिलं ते विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. रागावू नका.

कोणी म्हणेल की चुकला कोड तर चुकला, दुरुस्त करू. करता येतं, आणि स्वतःहून करणं सगळ्यात चांगलं. कमी भरलं असेल तर एचएमआरसीला स्वतः सांगायचं, जास्त भरलं असेल तर परताव्यासाठी सी२८५. एचएमआरसी साधारण तीन वर्षं मागे जाऊन वसुली काढू शकते, कागद कस्टम्ससाठी चार वर्षं आणि व्हॅटसाठी सहा वर्षं ठेवावे लागतात, आणि कस्टम्सचा दंड एका चुकीला २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. पण एका टेम्प्लेटमधली चूक एकदाच होत नाही हो. ती दर महिन्याला होते. तीन वर्षांचे छत्तीस महिने होतात. छोट्या दुकानाला हे झेपत नाही.

आणि एजंटने केलं म्हणून तुम्ही सुटत नाही. एजंट जर डायरेक्ट प्रतिनिधी म्हणून काम करत असेल, बहुतेक छोट्या लोकांच्या बाबतीत तसंच असतं, तर डिक्लरेशन तुमचं आहे, त्याने फक्त तुमच्या वतीने टाइप केलंय. इनडायरेक्ट असेल तर दोघेही जबाबदार. तुमच्या एजंटबरोबर सही केलेल्या कागदावर यातलं काय लिहिलंय ते बघितलंय का कधी? मी विचारलं की दहातले आठ जण म्हणतात बघून सांगतो.

तर माझी विनंती काय आहे. माल निघायच्या आधी, बोटीत किंवा विमानात बसायच्या आधी, एजंटला चार ओळींचा मेल टाका. मराठीत बोलता तसंच साधं लिहा, इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. हा माल विकायला आहे की ठेवायला. ठेवायला असेल तर कोणतं वेअरहाउस, त्याचा नंबर काय. हा माल आधी कधी इथून गेला होता का, गेला असेल तर निर्यातीची एंट्री जोडा. परत जाणार आहे का. एवढंच. या चार उत्तरांतून जवळजवळ प्रत्येक कोड निघतो, आणि मेल लिहिलेला असल्यामुळे पुढे कोणी विचारलं तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असतं.

आणि महिन्याच्या शेवटी एजंटकडून एसएफडी आणि सप्लिमेंटरी दोन्हीच्या कॉप्या मागा, फक्त बिल नको. शेजारी शेजारी ठेवा. १/१० चे चार आकडे दोन्हीवर सारखे आहेत का. सप्लिमेंटरीवर एसएफडीचा नंबर आहे का. जेवढ्या एसएफडी गेल्या तेवढ्या सप्लिमेंटरी आल्या का. वेअरहाउसमधून माल काढला असेल तर शेवटचे दोन आकडे ७१ आहेत का. एका शिपमेंटला पाच मिनिटं लागतात, चहा निवायच्या आत होतं.

आमच्या कामातल्या मराठी पोरापोरींनाही दोन शब्द, कारण आता प्रत्येक क्लिअरन्स ऑफिसात आपलं कोणी ना कोणी बसलेलं असतं. तुम्हाला आयातदाराला प्रश्न विचारायचा संकोच वाटतो, वयाने मोठे असतात, धंद्यात मुरलेले असतात, वरून साहेब म्हणतो गिऱ्हाईक नाराज व्हायला नको. विचारा तरी. मी त्या पल्पवाल्या आयातदाराला विचारलं असतं की हे डबे वेअरहाउसमधले का, तर ते काही महिने वाचले असते. आणि एरर आला, कोड बसत नसेल, तर ट्रक उभा राहू दे, फोन उचला.

काकांचं सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात त्यांचा पहिला मेल आला. विषयाच्या जागी फक्त कंटेनरचा नंबर आणि खाली एकच ओळ, "निम्मा विकायला, निम्मा ठेवायला, आता तू बघ." आम्ही दोन वेगळ्या एंट्र्या केल्या, एक ४००० आणि एक ७१००. दोन्ही पहिल्याच फेरीत बरोबर गेल्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हीथ्रोजवळच्या एका ऑफिसातला एंट्री क्लार्क